बान्स्कोला पहिलं स्कीइंग: पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की आठ जणांचा ग्रुप, पाच जण जर्मनीत आणि तिघं इंग्लंडमध्ये, एक सोडून कुणीच आयुष्यात पायाला स्की लावलेली नाही, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जायचंय, ऑस्ट्रियाचे भाव बघून डोळे पांढरे झाले म्हणून कुणीतरी बल्गेरियातलं बान्स्को सुचवलं, तिथे रात्रीची धमालही असते असं ऐकलंय, तर जावं का. शिवाय दोघं शाकाहारी आहेत आणि एकीचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. मी श्टुटगार्टजवळ राहते, इथल्या स्की क्लबमध्ये मोठ्या वयात शिकायला येणाऱ्यांना शिकवते आणि मराठी ग्रुप घेऊन बान्स्कोला गेलेली आहे, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

जा, बिनधास्त जा. फक्त एक गोष्ट सगळ्या ग्रुपला आधीच सांगून ठेवा. स्वस्त रिसॉर्टला जायचं ठरलं की माणूस प्रत्येक गोष्टीतच स्वस्त शोधायला लागतो आणि तिथेच ट्रिपची वाट लागते. राहणं, खाणं, पिणं, टॅक्सी यात वाचवा, तिथे खरंच भरपूर वाचतं. पण बूट, इन्स्ट्रक्टर आणि इन्शुरन्स या तीन ठिकाणी एक युरोसुद्धा वाचवायला जाऊ नका. बाकी सगळं याच्यानंतर.

आधी जागा समजून घ्या. बान्स्को हे पिरिन डोंगरांच्या पायथ्याचं जुनं गाव आहे, साधारण साडेनऊशे मीटर उंचीवर, दगडी घरं, 1835 सालचं होली ट्रिनिटी चर्च, आणि त्या जुन्या गावाला चिकटून गेल्या वीसपंचवीस वर्षांत उभी राहिलेली हॉटेलं आणि अपार्टमेंटं. स्कीइंग मात्र गावात नाही. गावातून गंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, निघते, मधे चालिन वालोग नावाचं स्टेशन लागतं आणि मग बांदेरिश्का पोल्याना म्हणून सोळाशे मीटरच्या वरचं पठार आहे तिथे पोचवते. स्की स्कूल, भाड्याच्या स्की, नवशिक्यांचा उतार, खाण्याची ठिकाणं, सगळं तिथे. तिथून वर जाणाऱ्या चेअरलिफ्ट तुम्हाला साधारण अडीच हजार मीटरच्या वर नेतात, समोर टोडोर्काचं शिखर 2,746 मीटर आणि पलीकडे विहरेन 2,914 मीटर, पिरिनमधलं सगळ्यात उंच. हवा स्वच्छ असली तर तो देखावा बघायला नुसतं वर जाऊन आलात तरी चालेल. सगळ्या पिस्ट, म्हणजे स्कीसाठी आखलेल्या उतारवाटा, मिळून पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आल्प्समधल्या मोठ्या रिसॉर्टच्या मानाने लहान, पण नवशिक्याला आठवड्यात त्यातल्या दहा किलोमीटरसुद्धा पुरून उरतात. स्कीइंगच्या वर्ल्ड कपच्या रेस इथे झालेल्या आहेत, आल्बेर्तो टोम्बा या इटालियन स्की चॅम्पियनच्या नावाची काळी, म्हणजे सगळ्यात अवघड, पिस्ट आहे, तिच्याकडे खालून बघा आणि सोडून द्या.

आता गंडोला. बान्स्कोचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे आणि हे माहीत नसेल तर पहिल्याच सकाळी मूड जातो. गावातून वर जायला लिफ्ट ही एकच. सीझनच्या गर्दीत सकाळी नऊ साडेनऊला पोचलात तर तासभर, कधी त्याहून जास्त रांगेत उभं राहावं लागतं, आणि तुमचा क्लास दहाला वर सुरू होणार असतो. दुसरी गंडोला का नाही बांधत असं प्रत्येक जण विचारतो, तर पिरिन हे नॅशनल पार्क आहे, 1983 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, स्कीचा भाग 2010 मध्ये मूळ वारसा क्षेत्रातून वगळून बफर झोनमध्ये, म्हणजे त्याच्या भोवतालच्या संरक्षक पट्ट्यात, टाकला, आणि रिसॉर्ट वाढवायचं का नाही यावर तिथे वर्षानुवर्षं आंदोलनं आणि कोर्टकचेऱ्या चालू आहेत. मला स्वतःला रांग परवडली पण ते जुने पाइन वृक्ष तोडायला नकोत असं वाटतं. असो. उपाय दोन आहेत. एक म्हणजे गंडोला चालू व्हायच्या अर्धा तास आधी रांगेत हजर राहायचं, आणि दुसरा म्हणजे रस्त्याने टॅक्सी किंवा मिनीबसने थेट बांदेरिश्का पोल्यानाला जायचं. आठ जणांत एक व्हॅन केली तर डोकी अगदी थोडे पैसे पडतात आणि सकाळचा एक तास वाचतो. हा खर्च मी डोळे मिटून करते. स्की आणि बूट रोज खांद्यावर वाहून खाली-वर करू नका, भाड्याच्या दुकानाची वरच्या स्टेशनवर शाखा किंवा लॉकर आहे का ते बुकिंगच्या वेळीच विचारा, नवशिक्याची निम्मी शक्ती त्या ओझ्यातच जाते.

बान्स्को स्वस्त का पडतं तेही नीट बघा म्हणजे अपेक्षा बरोबर राहतील. लिफ्टचा पास आता काही फार स्वस्त राहिलेला नाही, दरवर्षी चढतोच आहे. आल्प्समधल्या मोठ्या ठिकाणी दिवसाचा पास सत्तर-ऐंशी युरोच्या घरात गेलाय, त्यापेक्षा कमी आहे, पण नुसत्या पासाच्या फरकासाठी विमानाचं तिकीट काढून जाण्यात काही अर्थ नाही. खरा फरक राहण्यात आणि जेवणात पडतो. दोन हजारच्या दशकात तिथे इतकी बेसुमार अपार्टमेंटं बांधली गेली की अजूनही मागणीपेक्षा खोल्या जास्त आहेत, म्हणून किचन असलेलं दोन बेडरूमचं अपार्टमेंट ऑस्ट्रियात जे मागतील त्याच्या कितीतरी कमी पैशात मिळतं. दुसरं म्हणजे शिकवणीचे दर. आणि तिसरं, डोंगरावरचं खाणं, ऑस्ट्रियात वर एक सूप आणि एक चहा घेतला की खिसा हलका होतो, इथे पोटभर जेवण होतं. 2026 च्या 1 जानेवारीपासून बल्गेरियात युरो आलाय, त्यामुळे जर्मनीवाल्यांना लेव्ह हे तिथलं जुनं चलन बदलून घेण्याची कटकटही संपली. फक्त रस्त्यावरच्या एक्सचेंजवाल्यांकडे पौंड बदलू नका, इंग्लंडवाल्यांनी सरळ कार्ड वापरावं.

राहण्याची जागा निवडताना स्विमिंग पूलचे फोटो बघण्यापेक्षा नकाशा बघा. गंडोला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत मिळालं तर उत्तम, नाहीतर हॉटेलची शटल सकाळी किती वाजता आणि किती वेळा सुटते ते लेखी विचारून घ्या, कारण 'फ्री शटल' लिहिलेलं असतं आणि ती सकाळी एकदाच असते. अपार्टमेंट घेतलं तर हीटिंगची वीज भाड्यात आहे की वेगळी हेही विचारा, जानेवारीत हा खर्च दुर्लक्ष करण्यासारखा नसतो.

आता मुख्य मुद्दा, शिकणं. तुमच्या ग्रुपमधला जो मित्र ऑस्ट्रियात दोनदा विकेंडला स्की करून आलाय तो म्हणतोय ना की मी सगळ्यांना शिकवतो, क्लासचे पैसे कशाला घालवायचे? त्याला प्रेमाने नाही म्हणा. तो चांगलाच असेल, पण ज्याला स्वतःला जेमतेम येतं तो शिकवताना हमखास सगळ्यांना चेअरलिफ्टने वर घेऊन जातो, कारण त्याला खालच्या उतारावर कंटाळा येतो, आणि मग वर सात माणसं घाबरून कडेला बसलेली, त्यातली दोन रडवेली, एक जण स्की हातात घेऊन चालत खाली येतोय, हे दृश्य मी दर सीझनला कुठल्या ना कुठल्या डोंगरावर बघते. भीती एकदा अंगात बसली की ती काढायला इन्स्ट्रक्टरला दोन दिवस लागतात. त्यापेक्षा पहिल्या तासापासून शिकवणाऱ्या माणसाच्या हातात द्या. बल्गेरियात ग्रुप क्लास बहुतेक सकाळी दोन तास आणि जेवणानंतर दोन तास असा असतो, पाच किंवा सहा दिवस. तुम्ही सात नवशिके आहात म्हणजे तुमचाच एक ग्रुप होतो, स्कूलला तसं आधी कळवा, इंग्रजी चांगलं बोलणारा इन्स्ट्रक्टर मागा, आणि शक्य असेल तर पहिले दोन दिवस सात जणांना दोन इन्स्ट्रक्टर घ्या. हा जास्तीचा खर्च आठवड्याचा निकाल बदलतो. तो अनुभवी मित्र वेगळ्या लेव्हलच्या ग्रुपमध्ये जाऊ दे, त्यालाही खूप शिकण्यासारखं आहे. भाड्याच्या स्की, पास आणि क्लास मिळून नवशिक्यांचं पॅकेज असतं, ते वेगवेगळं घेण्यापेक्षा स्वस्त पडतं, तेच घ्या.

क्लासमध्ये काय होईल ते आधीच सांगते म्हणजे घाबरायला होणार नाही. पहिला अर्धा दिवस तुम्ही एकाच पायाला स्की लावून सपाटीवर सरकाल, पडाल, पडल्यावर उठायला शिकाल. उठायची युक्ती म्हणजे स्की उताराला आडव्या करायच्या, डोंगराच्या बाजूला कुशीवर यायचं आणि मग हाताने रेटा देऊन उठायचं, स्की उताराच्या दिशेला असताना कितीही जोर लावलात तरी तुम्ही खालीच घसरणार. मग येतो स्नोप्लाव, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार. आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. वळायचं कसं, तर उजवीकडे वळायचं असेल तर वजन डाव्या पायावर न्यायचं, डावीकडे वळायला उजव्या. खांदे फिरवून वळण होत नाही, वजनानेच होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे आपल्या मनाच्या अगदी उलट आहे, उतार दिसला की माणूस मागे झुकतो, आणि मागे झुकलं की वजन स्कीच्या शेपटीवर जातं, पुढची टोकं हलकी होतात, स्की वळतही नाही आणि थांबतही नाही. म्हणून नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला टेकलेली राहिली पाहिजे, सतत. माझ्या क्लासमध्ये मी दिवसभर हेच एक वाक्य ओरडत असते.

लिफ्टचं एक सांगून ठेवते. बटन लिफ्ट म्हणजे दांड्याला गोल चकती असते ती पायांच्या मधे घ्यायची, त्यावर बसायचं नसतं, बसलात की खाली आपटलात, ती फक्त ढकलते, आपण उभंच राहायचं. चेअरलिफ्टला उतरायच्या आधी काठ्या एका हातात, स्कीची टोकं वर, आणि उतरल्यावर तिथेच थांबून फोटो काढायचा नाही कारण मागून पुढची खुर्ची येतेय.

तिसऱ्या दिवसाला सांभाळा. पहिले दोन दिवस उत्साहात जातात, तिसऱ्या दिवशी मांड्या आखडलेल्या असतात, रात्री उशिरा झोपलेलं असतं आणि नेमका तेव्हाच आत्मविश्वास आलेला असतो. थकलेल्या मांड्या आणि नवीन आत्मविश्वास एकत्र आले की दुखापत होते, आणि बहुतेक वेळा दुपारी तीननंतर, 'एक शेवटची रन मारू' म्हणताना. माझ्याबरोबर येणाऱ्यांना तिसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी असते. बान्स्कोजवळ पाच-सहा किलोमीटरवर बान्या नावाचं गाव आहे, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि उघड्यावरचे गरम तलाव, बाहेर बर्फ आणि आपण गळ्यापर्यंत कढत पाण्यात, मांड्यांना इतकं बरं वाटतं की चौथ्या दिवशी माणूस ताजा होऊन उभा राहतो. चौथ्या-पाचव्या दिवशी इन्स्ट्रक्टर तुम्हाला निळ्या पिस्टवर नेईल. युरोपात हिरवी आणि निळी सोपी, लाल मधली, काळी अवघड, पण रंग हा त्या रिसॉर्टपुरता असतो, एकाची निळी दुसऱ्याच्या लालसारखी असू शकते, आणि तीच निळी सकाळी मऊ तर दुपारी घासून घासून बर्फाच्या लादीसारखी कडक झालेली असते.

याच संदर्भात स्की रोड. बांदेरिश्का पोल्यानावरून थेट गावापर्यंत स्की करत उतरता येतं, जंगलातून जाणारा लांबच लांब रस्ता आहे, फोटोत फार गोड दिसतो आणि सगळे म्हणतील चल चल सोपाय. चढउताराच्या दृष्टीने सोपाच आहे. पण संध्याकाळी सगळा डोंगर एकाच वेळी त्या अरुंद रस्त्याने खाली येत असतो, बर्फ कडक झालेला, मागून स्नोबोर्डवाले जोरात, आणि थकलेला नवशिका तासभर स्नोप्लावमध्ये ब्रेक मारत येतो. सरळ गंडोलाने खाली या, कसलीही लाज नाही त्यात. पाचव्या-सहाव्या दिवशी जमायला लागलं तर सकाळी, रस्ता मोकळा असताना, इन्स्ट्रक्टरबरोबर उतरा. तेव्हा तो रस्ता खरंच सुंदर असतो.

बूट. यावर मी वाद घालायला तयार आहे. स्की कुठलीही मिळाली तरी चालेल, हनुवटीपासून नाकापर्यंत उंचीची, मऊ, पण बूट चुकला तर सहाही दिवस वाया. भाड्याच्या दुकानात संध्याकाळी गर्दी असते, पोरं भराभर बूट देत असतात, आपल्याला आरामदायक म्हणून एक नंबर मोठा घेण्याचा मोह होतो. मोठ्या बुटात पाय आत हलतो, मग तो घट्ट करायला आपण बकल आवळतो, पायाचं रक्त थांबतं, पाय बधिर होतात, आणि बूट पायाचं ऐकत नाही म्हणून स्की वळत नाही. बरोबर बूट कसा ओळखायचा, तर सरळ उभं राहिलं की अंगठ्याचं टोक पुढे हलकं टेकतं, आणि गुडघे वाकवून पुढे झुकलं की थोडं सुटतं. टाच अजिबात उचलली जाता कामा नये. बुटाचा नंबर म्हणजे पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये, घरीच भिंतीला टाच लावून मोजून जा. एकच जोडी पातळ लोकरीचे लांब मोजे, दोन जोड्या नाही, आणि थर्मल पँट बुटाच्या आत खोचायची नाही, त्या घडीने नडगी सोलून निघते. दुकानात पंधरा मिनिटं बूट घालून उभे राहा, आणि दुसऱ्या दिवशी दुखले तर निमूटपणे सहन करू नका, बदलून घ्या, चांगलं दुकान बदलून देतंच.

दुकानात वजन, उंची, वय विचारतील, ते खरं सांगा. लाजून पाच किलो कमी सांगणारे आणि मर्दानगीत 'इंटरमीडिएट' सांगणारे दोघंही भेटतात. त्या आकड्यांवर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी कळ, किती जोर पडल्यावर सुटेल ते ठरतं. पडताना बाइंडिंग सुटलं नाही तर स्की पायाला तशीच चिकटून राहते आणि तो सगळा पीळ गुडघ्यात जातो.

यावरून गुडघेवाल्या मैत्रिणीचं. 'अधूनमधून कुरकुरतो' म्हणजे काय ते इंटरनेटवर कुणी सांगू शकत नाही, मीही नाही, तिने जायच्या आधी ऑर्थोपेडिककडे दाखवून यावं, विशेषतः पूर्वी लिगामेंटची दुखापत असेल किंवा गुडघा मधेच निसटल्यासारखा वाटत असेल तर. डॉक्टर हो म्हणाले तर तिने आणि खरं म्हणजे तुम्ही सगळ्यांनीच सहा आठवडे आधी व्यायाम चालू करा. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं अधांतरी बसायचं, तीस सेकंदांपासून वाढवत न्यायचं, स्क्वॉट, लंजेस, एका पायावर तोल, आणि जिने. लिफ्ट सोडून जिने उतरणं हा फुकटातला उत्तम सराव. पडताना एकच नियम, पडायला लागलात की पडा, बाजूला, कुल्ल्यावर. घसरत असताना मधेच उठायचा प्रयत्न करू नका, गुडघे जास्त करून तेव्हाच जातात. आणि काठ्यांचा पट्टा मनगटात घट्ट अडकवू नका, हातात काठी धरून पडलं की अंगठ्याचं लिगामेंट दुखावतं, ही फार कॉमन दुखापत आहे आणि महिनोन्महिने त्रास देते.

हेल्मेट सगळ्यांनी घालायचं, भाड्याने मिळतं, यावर चर्चा नको. पिस्टवरचा नियम असा की जो खाली आहे त्याचा हक्क पहिला, वरून येणाऱ्याने त्याला सांभाळून जायचं. थांबायचं तर कडेला आणि वरून दिसेल अशा जागी, वळणाच्या किंवा उंचवट्याच्या मागे कधीच नाही. आठ जणांनी पिस्टच्या मधोमध उभं राहून ग्रुप फोटो काढू नये ही माझी हात जोडून विनंती.

इन्शुरन्सबद्दल. जर्मनीतल्या हेल्थ इन्शुरन्सच्या कार्डावर मागच्या बाजूला युरोपियन हेल्थ इन्शुरन्स कार्ड असतं, इंग्लंडवाल्यांचं त्यासारखंच वेगळं ग्लोबल कार्ड असतं, त्यावर बल्गेरियात सरकारी दवाखान्यातले आवश्यक उपचार होतात, पण डोंगरावरून खाली आणायचा खर्च आणि घरी परत न्यायचा खर्च त्यात येत नाही. म्हणून विंटर स्पोर्ट्स असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स वेगळा घ्या, रेस्क्यू आहे का, दुसऱ्याला धडकलात तर त्याची नुकसानभरपाई आहे का, हे वाचा. जर्मनीतल्या बऱ्याच जणांकडे हाफ्टफ्लिश्ट, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा इन्शुरन्स, असतोच, तो परदेशात चालतो का ते बघून ठेवा. दारू प्यालेल्या अवस्थेतला अपघात बऱ्याच पॉलिसी नाकारतात हेही लक्षात असू दे. इमर्जन्सी नंबर 112.

कपड्यांवर वायफळ खर्च करू नका. स्की पँट आणि जॅकेट मित्रांकडून मागून आणा किंवा डिकॅथलॉनचं साधं घ्या. आतून थर्मल, मधे फ्लीस, बाहेर पाणी न शिरणारं. जीन्स आणि कॉटनचा टीशर्ट नको, घाम आणि बर्फाने ओला झाला की थंडी वाजत राहते. हातमोजे मात्र चांगले घ्या, वॉटरप्रूफ, आणि गॉगल्स. मफलरऐवजी गळ्याभोवती ट्यूब, मफलर लिफ्टमध्ये अडकू शकतो. सनस्क्रीन विसरतात सगळे, बर्फावरून परावर्तित ऊन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांनासुद्धा भाजतं.

आता मजेचं. गंडोलापासून जुन्या गावाच्या चौकापर्यंत पिरिन नावाची रस्तावजा गल्ली जाते आणि संध्याकाळी पाचला स्कीचे बूट घातलेली माणसं खाली उतरली की तिथे रात्री उशिरापर्यंत थांबत नाही काही. ब्रिटिश, ग्रीक, रोमेनियन, सर्बियन, सगळे मिसळलेले. पण क्लब कुठल्याही गावात असतात, तुम्ही मेहानात जा. मेहाना म्हणजे तिथलं पारंपरिक खाणावळवजा हॉटेल, लाकडी तुळया, धगधगती शेकोटी, भिंतीवर लोकरीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंज्या, आणि टेबलाटेबलावर फिरून गाणारे वादक. तिथली पद्धत अशी की आधी थंडगार राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, आणि तिच्याबरोबर सॅलड, हळूहळू, घोट घोट, गप्पा मारत. एका दमात मारायची गोष्ट नाही ती, चाळीस टक्क्यांची असते. शॉपस्का सॅलड म्हणजे टोमॅटो, काकडी, कांदा आणि वर सिरेने चीजचा बर्फासारखा किस. मांसाहारी असाल तर कापामा घ्या, मातीच्या भांड्यात आंबवलेली कोबी आणि वेगवेगळं मांस तासन् तास शिजवलेलं, बान्स्कोची खासियत.

शाकाहारी मंडळींची आबाळ होणार नाही. बानित्सा ही चीज भरलेली खुसखुशीत पापुद्र्यांची पेस्ट्री सकाळी बेकरीत गरम मिळते. काचामाक म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, वर लोणी आणि चीज. बॉब चोरबा हे पांढऱ्या बीन्सचं पुदिना घातलेलं सूप, आपल्या उसळीच्या जवळचं, फक्त त्यात मांसाचा तुकडा नाही ना ते विचारा, 'बेझ मेसो' म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करा. ल्युटेनित्सा ही भाजलेल्या ढोबळी मिरची-टोमॅटोची चटणी, बाटली घरी घेऊन या. आणि दही! दह्यातल्या जीवाणूंचं लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस हे नावच या देशावरून आलंय, 1905 मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन माणसाने ते जीवाणू शोधले. आयरान म्हणजे आपलं ताकच, मीठ घातलेलं, दुपारी वर बिअरऐवजी हे प्या. मान हलवण्याची मात्र गंमत आहे, जुनी माणसं 'हो' म्हणायला आडवी आणि 'नाही' म्हणायला उभी मान हलवतात, तेव्हा मांस आहे का हे तोंडाने विचारून तोंडाने उत्तर घ्या.

रात्रीचं गणित असं ठेवा की जोरदार पार्टी एक दोनच रात्री, त्यातली एक सुट्टीच्या दिवसाच्या आदल्या रात्री आणि एक शेवटच्या रात्री. बाकी दिवशी मेहानात जेवून अकराला झोपा. सकाळचे दोन तास हेच बान्स्कोमधले सगळ्यात किमती तास आहेत, बर्फ मऊ, उतार मोकळे, पाय ताजे.

तारखा तुम्ही चांगल्या निवडल्यात. नवीन वर्षाचा आठवडा टाळावा, फेब्रुवारीत रोमेनियन शाळांच्या सुट्ट्या आणि ब्रिटिश शाळांची हाफ-टर्मची सुट्टी येते, आणि 3 मार्च हा बल्गेरियाचा राष्ट्रीय दिवस, त्याला लागून शनिवार-रविवार आला की अख्खं सोफिया तिथे. जानेवारीचा शेवट थंड असतो, वर उणे दहाच्या खाली जाऊ शकतं, पण बर्फ चांगला मिळतो. बान्स्कोऐवजी पाम्पोरोवो हे बल्गेरियातलंच दुसरं स्की रिसॉर्ट विचारात घ्यावं का? उतार तिथले जास्त सौम्य आहेत, नुसतं शिकायचंच असेल तर मी तेच म्हणेन, पण रात्रीची वर्दळ बान्स्कोइतकी नाही आणि तुम्हाला दोन्ही हवंय. बोरोवेट्स हे तिसरं रिसॉर्ट सोफियाला जवळ, लांब विकेंडला ठीक. भारतातून तुमचे कुणी मित्र विचारत असतील तर त्यांनी पहिल्यांदा शिकायला युरोपात यायची गरज नाही, गुलमर्गला खाली सौम्य उतार आहेत, सरकारी स्की संस्थेचे कोर्स आहेत, फक्त गुलमर्गच्या वरच्या अफरवट शिखराच्या वरच्या टप्प्यावर शिकाऊ माणसाने जायचं नाही, तिथे पिस्ट नाहीत आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे.

पोचायचं सोफियाला विमानाने, तिथून बान्स्को साधारण एकशेसाठ किलोमीटर, अडीच तास. आठ जणांना आधी बुक केलेली व्हॅन सगळ्यात सोयीची, हिवाळी टायरची खात्री करून. स्वतः गाडी चालवणार असाल तर प्रेडेल खिंडीचा रस्ता रात्री बर्फात पहिल्यांदा चालवू नका. परतीला एखादा दिवस हाताशी असेल तर बान्स्कोवरून सेप्टेम्व्रीला जाणारी नॅरोगेज गाडी पकडा, दोन रुळांमधलं अंतर 760 मिलिमीटर, आपल्या माथेरानच्या गाडीची थोरली बहीण म्हणा, जवळजवळ पाच तास बर्फातून वळणं घेत जाते आणि वाटेत आव्रामोवो हे बाल्कनमधलं सगळ्यात उंचावरचं स्टेशन लागतं.

आणि शेवटचं, पण बुकिंगच्या आधी बघायचं. 1 जानेवारी 2025 पासून बल्गेरिया पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, त्यामुळे जर्मनीचं रेसिडेन्स परमिट असलेल्यांना वेगळा व्हिसा लागत नाही, परमिट आणि पासपोर्ट दोन्ही बरोबर ठेवा. इंग्लंडमधल्या तिघांपैकी ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांना मात्र शेंगेन व्हिसा लागेल, इंग्लंडचा व्हिसा चालत नाही, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अपॉइंटमेंट मिळायची मारामार असते. तेव्हा त्यांच्या अपॉइंटमेंट आधी घ्या, मग स्की स्कूलला सात जणांचा ग्रुप म्हणून मेल टाका, आणि ती दोन्ही उत्तरं आली की मगच पैसे परत मिळतील अशा अटीवर अपार्टमेंट बुक करा.